दुहेरी मनोविकार व त्याचा दुहेरी उपचार

आमच्या भिवंडीची रात्र कधींही पूर्णपणें शांत होत नाहीं. यंत्रमागांचा खडखडाट येथें इतका अंगवळणीं पडला आहे कीं, वीज जाऊन माग थांबले म्हणजेच मुलें दचकून जागीं होतात. बारा तासांची दिवसपाळी, बारा तासांची रात्रपाळी, आणि आठवड्या-पंधरवड्यानें त्यांची अदलाबदल, हा या गांवचा क्रम. अलीकडे माणकोली, पूर्णा, राहनाळ या बाजूंस मालाचीं प्रचंड गोदामें उभीं राहिलीं. तेथेंही रात्रभर दिवे जळतात. ज्या विकाराविषयीं आज बोलावयाचें मीं योजिलें आहे, त्याचा या जागरणाशीं फार निकटचा संबंध आहे, म्हणून आरंभींच हें सांगितलें.

या विकाराला डॉक्टर लोक ‘बायपोलर’ म्हणतात. मराठींत ‘द्विध्रुवीय मनोविकार’ असें नांव रूढ झालें आहे. यांत मनाच्या दोन टोकांच्या अवस्था येतात, आणि मधल्या काळांत माणूस बहुधा तुमच्या-आमच्यासारखाच असतो. एक टोक उन्मादाचें. आठवडाभर किंवा त्याहून अधिक दिवस चित्तवृत्ति चढलेली, दोन-तीन तासांच्या झोंपेनेंही थकवा नाहीं, बोलण्याचा वेग असा कीं ऐकणाराची धांदल उडावी, एक बेत पुरा होण्यापूर्वींच दुसरा, पैशांची उधळण, आणि कोणी आडवें आलें कीं संताप. दुसरें टोक अवसादाचें. दोन आठवडे, कधीं कित्येक महिने, कशांतच गोडी वाटत नाहीं. अंथरुणांतून उठणें म्हणजे डोंगर चढणें. आपण सर्वांना भार झालों आहों असें वाटतें, आणि कधीं कधीं जीव देण्याचा विचार मनांत घर करतो. पहिलें टोक चारचौघांना दिसतें, कारण त्याचा गलबला होतो. दुसरें भिंतीआड राहतें. परंतु रोग्याच्या आयुष्यांतील अधिक दिवस तेंच खातें.

हीं दोन्हीं टोकें एकाच विकाराचीं आहेत, हें वैद्यकाला समजण्यासही काळ लागला. फाल्रे या फ्रेंच वैद्यानें १८५४ च्या सुमारास ‘वर्तुळाकार वेड’ असें त्याचें वर्णन केलें, आणि पुढें १८९९ सालीं क्रेपेलिन या जर्मन वैद्यानें त्याला स्वतंत्र स्थान दिलें. आपल्या देशांत बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पाहणींत असें आढळलें कीं, प्रौढांपैकीं दर हजारीं सुमारें पांच जणांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा विकार झालेला असतो, आणि ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांपैकीं शेंकडा सत्तर जण उपचारांवांचून राहतात. २०११ च्या शिरगणतींत भिवंडी-निजामपूर शहराची वस्ती सात लाखांवर होती. तें प्रमाण येथें लावलें, तर या एका गांवांत दोन हजारांहून अधिक प्रौढ माणसें निघतील. हीं सारीं कोठें आहेत? बहुतेक घरांत, ‘डोकें फिरलेला’ किंवा ‘आळशी’ या नांवाखालीं.

माझा एक विद्यार्थी होता. त्याच्या व त्याच्या घरच्यांच्या संमतीनें त्याची हकीकत सांगतों. ओळख पटूं नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. वडिलांचे कांहीं माग होते, ते तो सांभाळी. एका वर्षीं दिवाळीच्या आधीं मागणी वाढली, रात्रपाळीचा मुकादम गांवीं गेला, आणि हा सलग चार रात्री कारखान्यांत उभा राहिला. पांचव्या रात्रीं अडीच वाजतां त्यानें माझें दार ठोठावलें. हातांत सुताच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, आणि त्यावर सबंध भिवंडीचे माग एका कंपनीखालीं आणण्याचा आराखडा! डोळ्यांत चमक, वाणी ओघवती. वर्गांत मागच्या बांकावर मान खालीं घालून बसणारा हा मुलगा असा फुललेला पाहून मला कौतुक वाटलें. मीं त्याची पाठ थोपटली आणि म्हणालों, “आतां तुझें डोकें खरें चाललें!” पस्तीस वर्षें मुलांत काढलेल्या मास्तराला त्या डोळ्यांतील चार रात्रींचें जागरण दिसलें नाहीं.

पुढील पंधरा दिवसांत त्यानें चार माग विकले, बायकोचे दागिने गहाण टाकले आणि अनोळखी माणसांना भागीदारीचीं वचनें दिलीं. दोन महिन्यांनीं तोच मुलगा भिंतीकडे तोंड करून निजला, तो उठेना. घरच्यांनीं अंगारे-धुपारे केले, मलंगगडावर नेलें. अखेर ठाण्यास डॉक्टरांकडे नेल्यावर निदान झालें. लिथियम सुरू झालें आणि कांहीं महिन्यांत तो पुनः कारखान्यांत जाऊं लागला.

येथें माझी दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीहून मोठी. वर्षभरानें तो भेटला तेव्हां तक्रार करीत होता, हात थोडा थरथरतो, तहान फार लागते. मी म्हणालों, “अरे, विकार मनाचा; मन खंबीर कर. जन्मभर का गोळ्यांच्या कुबड्या घेणार?” त्याची आईही त्याला तेंच सांगे, “आतां चांगला आहेस, बाळा, गोळ्या कशाला?” परंतु आईच्या शब्दाकडे त्यानें काणाडोळा केला होता, गुरुजींचा शब्द त्याला प्रमाण वाटला. त्यानें गोळ्या सोडल्या. चार महिन्यांत उन्माद परतला, आणि त्यामागून आलेल्या अवसादांत त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला. शेजारी सावध होते म्हणून तो वांचला. मी त्याला इस्पितळांत भेटावयास गेलों तेव्हां तो एवढेंच म्हणाला, “गुरुजी, मन खंबीर करून पाहिलें.”

त्यानंतर या विकाराविषयीं मिळेल तें मीं वाचूं लागलों, जाणत्यांना विचारूं लागलों. त्यांतून जें हातीं लागलें तें आज सांगत आहें.

प्रथम औषधाविषयीं. लिथियम हा खनिजांत आणि कांहीं झऱ्यांच्या पाण्यांत सांपडणारा मूलधातु. औषध म्हणून त्याचा क्षार देतात. ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर जॉन केड यांनीं १९४९ सालीं दहा उन्मादी रोग्यांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि १९५४ सालीं डेन्मार्कमधील मोगेन्स शू यांनीं पद्धतशीर प्रयोग करून त्याला दुजोरा दिला. केड यांच्या पहिल्या रोग्याची कथा प्रत्येक रोग्याच्या घरीं माहीत असावी असें मला वाटतें. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ पांच वर्षें सतत उन्मादांत होता. १९४८ च्या मार्चअखेर त्याला लिथियम सुरू केलें. जुलैंत तो घरीं गेला आणि आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. मग गोळ्यांची हयगय होऊं लागली, पुढें त्या सुटल्याच, आणि ऑक्टोबरांत तो पुनः इस्पितळांत आला. औषध पुनः सुरू झालें. परंतु १९५० सालीं त्याच लिथियमची विषबाधा होऊन तो वारला. औषध गुणकारी आहे, सोडल्यास विकार परततो, आणि मोजमापावांचून घेतल्यास तें घातक होतें; तीन्ही गोष्टी पहिल्याच रोग्यानें दाखवून दिल्या.

मोजमापाची वाण आज नाहीं. रक्तांतील लिथियम साधारणपणें लिटरमागें ०.६ ते १.० मिलिमोल या मर्यादेंत ठेवतात. ठराविक मुदतीनें तें तपासावें लागतें, तसेंच मूत्रपिंडें आणि गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि यांचीही तपासणी करावी लागते. अंगांतील पाणी घटलें कीं रक्तांतील लिथियम वाढतें. म्हणून वैशाखांत मागाच्या उष्ण खोलींत घाम गाळणारानें, किंवा जुलाब-उलट्या झालेल्यानें विशेष जपावें. दुखण्यावर दुकानांतून परस्पर आणलेल्या कांहीं वेदनाशामक गोळ्यांनींही तें वाढतें. आमच्या गांवांत रमजानचे रोजे मोठ्या श्रद्धेनें पाळले जातात. दिवसभर पाणी नाहीं, आणि सेहरीसाठीं झोंप तुटलेली, असा दुहेरी ताण त्यांत पडतो. यास्तव लिथियम घेणारानें महिनाभर आधींच डॉक्टरांशीं बोलावें. लिथियमखेरीज दुसरींही औषधें आहेत. कोणाला कोणतें, हा निर्णय डॉक्टरांचा. त्यांत मास्तरानें बोलूं नये, हें मी महाग किंमत देऊन शिकलों आहें. एवढेंच सांगतों कीं, अवसादावरचें साधें औषध एकट्यानेंच दिल्यास या रोग्यांत उन्माद उसळूं शकतो. म्हणून पूर्वीं कधीं उन्माद झाला असेल तर तें डॉक्टरांपासून लपवूं नये.

पण औषधाला एक गोष्ट साधत नाहीं. तें स्वतःला गिळवून घेऊं शकत नाहीं. बरें वाटूं लागल्यावर गोळी कां घ्यावयाची, चार रात्री झोंप आली नाहीं तर काय करावयाचें, विकलेल्या मागांची लाज घेऊन बाजारांतून कसें चालावयाचें, घरांत संशयानें पाहणाऱ्या दहा डोळ्यांना काय सांगावयाचें, यांचीं उत्तरें गोळींत नसतात. येथें बोलण्याच्या उपचारांचें काम सुरू होतें. हे उपचार औषधाच्या जागीं नव्हेत, औषधाच्या जोडीला आहेत. ज्या प्रयोगांनीं त्यांचा गुण सिद्ध झाला, त्या सर्वांत रोगी औषधही घेतच होते.

बोलण्याचे उपचार म्हणजे उपदेश नव्हे. उपदेश मीं केला होता. त्याचें फळ वर सांगितलें. आमच्या विद्यार्थ्याला ठाण्यांत ज्या मानसशास्त्रज्ञ बाई मिळाल्या, त्यांनीं पहिल्या बैठकींत अर्धा तास केवळ ऐकून घेतलें. नंतर एका कागदावर त्याच्या आयुष्याची आडवी रेघ काढून, चढ कोठें आला, उतार कोठें आला, त्याआधींच्या महिन्यांत काय घडलें होतें, हें त्याच्याकडूनच भरून घेतलें. रेघेवर तीन चढ होते. तिन्हींच्या आधीं रात्रपाळी होती. सहा वर्षें एका घरांत राहणाऱ्या माणसांना ही साधी गोष्ट दिसली नव्हती.

या विकारांत झोंपेचें महत्त्व विलक्षण आहे. झोंप उडणें हें उन्मादाचें लक्षण तर आहेच. परंतु तें त्याचें कारणही होऊं शकतें. आपल्या शरीरांत एक घड्याळ आहे. सूर्यप्रकाश, जेवणाची वेळ, कामाची वेळ, माणसांचा सहवास यांवरून तें रोज आपली वेळ जुळवून घेतें. सामान्य माणसाचें घड्याळ जागरणानें दोन दिवस चुकतें आणि पुनः जुळतें. या रोग्यांचें घड्याळ मात्र नाजूक असतें. एकदां सुटलें कीं मनालाही घेऊन सुटतें. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें एलन फ्रँक या विदुषीनें यावर एक उपचारपद्धति बसविली. दिनक्रमाचा ताल आणि माणसामाणसांतील संबंध, दोन्ही एकत्र सांवरावयाचे, हें तिचें सूत्र. त्यांत रोगी रोज पांच वेळा टिपून ठेवतो: अंथरुणांतून केव्हां उठलों, दुसऱ्या माणसाशीं पहिल्यानें केव्हां बोललों, कामाला केव्हां लागलों, रात्रीं केव्हां जेवलों, केव्हां निजलों. या पांच खुंट्या रोज शक्य तितक्या एकाच जागीं ठोकावयाच्या. त्यांनीं १७५ रोग्यांवर केलेला प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाला. झटक्याच्या काळांतच ज्यांना ही शिकवण मिळाली, ते पुढें नव्या झटक्यावांचून अधिक काळ राहिले, आणि ज्यांचा दिनक्रम अधिक नियमित झाला त्यांना तो लाभ अधिक झाला.

कागदावर हें सोपें दिसतें. भिवंडींत तें कसें व्हावें? येथील पुष्कळ कामगार उत्तर प्रदेशांतून, बिहारांतून, तेलंगणांतून आलेले. एका खोलींत दिवसपाळीचे रात्रीं निजतात आणि रात्रपाळीचे दिवसां; चटई तीच, माणूस बदलतो. जेवण बिसीवर, म्हणजे कामगारांच्या खानावळींत. तें पाळीच्या वेळेप्रमाणें. अशा माणसाला ‘रोज दहाला निजत जा’ असें सांगणें ही थट्टा होईल. परंतु कायमची दिवसपाळी मागतां येते, आणि तीही न मिळाली तर निदान पाळी दर आठवड्यास न बदलतां एकच ठेवावी, एवढें मालकाला सांगतां येतें. कारण रात्रींच्या कामाइतकीच वेळांची अदलाबदलही या रोग्याला बाधते. माग मालकांना मी हात जोडून सांगतों: एका कारागिराची पाळी न फिरविल्यानें तुमचें कापड अडत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं चुलतभावानें रात्रपाळी पत्करली. तो पत्करीपर्यंत घरांत दोन महिने अबोला होता, हेंही सांगितलें पाहिजे.

दुसरें काम पूर्वखुणा ओळखण्याचें. उन्माद एका रात्रींत कोसळत नाहीं. तो पायऱ्या चढत येतो, आणि प्रत्येकाच्या पायऱ्या वेगळ्या असतात. आमच्या या मुलाच्या खुणा बायकोनें सांगितल्या: तो अत्तर लावूं लागतो, रात्रीं जुन्या मित्रांना फोन करतो, चहा चौपट होतो, आणि ‘मला झोंपेची गरजच नाहीं’ हें वाक्य येतें. या चार खुणा लिहून कपाटाच्या आंतल्या बाजूस चिकटविल्या आहेत. दोन दिसल्या तर त्याच दिवशीं डॉक्टरांना फोन. सर्व मोठे व्यवहार बंद. बँकेचें कार्ड बायकोकडे. हें सारें त्यानें स्वतः, मन स्वस्थ असतांना, आपल्या हातानें लिहिलें आहे, म्हणूनच तें चालतें. मँचेस्टर येथें १९९९ सालीं ६९ रोग्यांवर असा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना सात ते बारा बैठकींत पूर्वखुणा ओळखून लगेच मदत घेण्यास शिकविलें, त्यांच्यांतील चौथ्या हिश्शाला उन्माद परतेपर्यंत ६५ आठवडे लोटले. न शिकविलेल्यांत तेवढ्याच हिश्शाला तो १७ आठवड्यांतच परतला. अवसादावर मात्र या शिकवणीचा तसा परिणाम दिसला नाहीं. अवसाद दबक्या पावलांनीं येतो, त्याची चाहूल लागणें कठीण, असें मला वाटतें.

बार्सिलोना शहरांतील प्रयोग तर आम्हां मास्तर मंडळींच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण तो जवळजवळ वर्गच होता. आठ ते बारा रोग्यांचा एक गट, एकवीस बैठकी. विकार कसा असतो, औषध कां घ्यावयाचें, रक्त कां तपासावयाचें, दारूनें काय होतें, दिनक्रम कसा लावावयाचा, याची शिकवणी. १२० रोग्यांपैकीं निम्म्यांना ही शिकवणी मिळाली. उरलेले निम्मे तितक्याच वेळा नुसते एकत्र बसत. २००३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत नुसते बसणारांपैकीं शेंकडा ९२ जणांचा विकार परतला, शिकलेल्यांपैकीं शेंकडा ६७ जणांचा. कोणी म्हणेल, शिकूनही दोन-तृतीयांश आजारी पडले, मग शिकवणीचें काय कौतुक? पण ज्या वर्गांत शंभरांतले आठ उत्तीर्ण होत, तेथें तेहतीस होऊं लागले, तर शाळातपासनीस त्या मास्तराची पाठ थोपटल्यावांचून जाणार नाहीं.

घरच्या माणसांना उपचारांत घेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९५० च्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनीं आवारांत तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांना त्यांच्याजवळ राहावयास बोलाविलें, आणि विकाराविषयीं त्यांनाही समजावून देण्यास आरंभ केला. या विकाराच्या बाबतींत अमेरिकेंतील २००७ सालचा एक मोठा प्रयोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अवसादांत असलेल्या २९३ रोग्यांना औषधें दिलींच. त्यांपैकीं कांहींना जोडीला नऊ महिन्यांत तीस बैठकींपर्यंत बोलण्याचे उपचार दिले. कोणाला घरच्यांसह, कोणाला दिनक्रमाच्या तालाचे, तर कोणाला विचार तपासून पाहण्याचे. उरलेल्यांना नुसत्या तीन बैठकी. वर्षभरांत पहिल्यांपैकीं शेंकडा ६४ जण अवसादांतून बाहेर आले, दुसऱ्यांपैकीं शेंकडा ५२.

घरांतील बोलण्यालाच कां वळण लावावयाचें, याचें एक उदाहरण देतों. या मुलानें एके दिवशीं जेवतांना मोठ्यानें हंसून विनोद केला. आई लगेच म्हणाली, “गोळी घेतलीस ना?” बाप म्हणाला, “पुन्हां सुरू झालें वाटतें!” त्यानें ताट लोटलें. हंसला तर उन्माद, गप्प बसला तर अवसाद, रागावला तर वेड; मग माणसानें राहावें तरी कसें? बाईंनीं सर्वांना समोरासमोर बसवून हा प्रसंग पुनः बोलावयास लाविला. ठरलें असें: गोळीविषयीं दिवसांतून एकदांच, रात्रीं, बायकोनें विचारावें. शंका आली तर ‘तुला काय झालें’ असें न विचारतां ‘काल किती तास झोंप झाली’ एवढेंच विचारावें. आईनें पुष्कळ रडून एक प्रश्न केला: “माझ्या हातून कांहीं चुकलें म्हणून याला हें झालें का?” बाईंनीं ठामपणें सांगितलें कीं, नाहीं. हा विकार बव्हंशीं जन्मजात प्रवृत्तीचा आहे. आईच्या लाडानें तो होत नाहीं आणि बापाच्या धाकानें जात नाहीं. तें ऐकल्यावर त्या घराचा आवाज खालीं आला, असें त्याची बायको मला म्हणाली.

त्या घरानें मलाही एका बैठकीला बोलाविलें होतें. ‘गोळ्यांच्या कुबड्या’ हे शब्द त्या मुलानें माझ्यासमोर उच्चारले आणि तेव्हां आपल्याला काय वाटलें तें सांगितलें. मीं क्षमा मागितली. शाळेंत मास्तर विद्यार्थ्याची क्षमा मागत नाहीं. तेथें मागतां आली.

या उपचारांचें अवास्तव स्तोम मला माजवावयाचें नाहीं. ब्रिटनमध्यें २००६ सालीं २५३ रोग्यांवरील प्रयोगांत, विचारांना वळण लावण्याच्या उपचारांचा एकंदरींत कांहीं अधिक लाभ दिसला नाहीं. ज्यांना पूर्वीं बारांहून कमी झटके आले होते त्यांच्यांत मात्र तो आढळला. याचा अर्थ मी असा घेतों कीं, ही शिकवण विकाराच्या आरंभींच मिळावी. शिवाय ऐन उन्मादांत असलेल्या माणसाशीं तत्त्वचर्चा व्यर्थ आहे. तेव्हां औषध, झोंप आणि शांत खोली, एवढेंच.

औषध कीं मनाचे उपाय, हा वाद आपल्या परंपरेला मानवणारा नाहीं. चरकसंहितेंत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: देवाधर्माचा आधार घेणारी दैवव्यपाश्रय, औषध व आहार यांची योजना करणारी युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरणारी सत्त्वावजय. गुजरातेंत उनावा येथें मीरा दातार यांचा दर्गा आहे; मनोरुग्णांना तेथें फार नेतात. २००८ सालीं त्या आवारांतच डॉक्टर बसूं लागले, आणि मुजावर स्वतः भाविकांना त्यांच्याकडे धाडूं लागले. दवाही आणि दुआही, असें त्या उपक्रमाचें नांवच आहे. नवस करणाऱ्या माउलीला मी आतां हंसत नाहीं. नवस बोलावा आणि गोळीही चुकवूं नये.

उपचार कोठें मिळतील, असें पुष्कळजण विचारतात. ठाण्याचें प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचें आहे, आणि भिंतीबाहेरच्या लोकांना वाटतें तसें तें केवळ कोंडण्याचें ठिकाण नव्हे. बाह्यरुग्ण विभागांत दाखवून त्याच दिवशीं घरीं परतणारे पुष्कळ असतात. ठाण्यांतच डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापिलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. तेथें बोलण्याच्या उपचारांची व्यवस्था आहे. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. त्यावर विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें. जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वाट न पाहतां त्या क्रमांकावर बोलावें, आणि जवळच्या माणसानें त्या व्यक्तीस एकटें सोडूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आणखी एक सोय केली आहे: आजारांत आपणावर कोणते उपचार व्हावे वा होऊं नयेत, आणि आपल्या वतीनें कोणीं बोलावें, हें माणसाला स्वस्थ असतांना आगाऊ लिहून ठेवतां येतें. अडचण आहे ती माणसांची. बोलण्याचे उपचार जाणणारे लोक थोडे, आणि भिवंडीहून ठाण्यास जाऊन येण्यांत कामगाराची दिवसाची मजुरी बुडते. तीस बैठकी म्हणजे तीस मजुऱ्या. बार्सिलोनासारखा गटाचा वर्ग येथें, गांवांतच, रविवारीं भरवितां येईल का, असें मीं कांहीं डॉक्टरांना विचारलें आहे. खोली आणि फळा यांची जबाबदारी माझी, असेंही सांगितलें आहे.

तो विद्यार्थी अजूनही कधीं कधीं माझ्याकडे येतो. पण आतां संध्याकाळीं, आठच्या सुमारास. विकलेल्या चारांपैकीं दोन माग त्यानें पुनः घेतले आहेत. मधें एकदां अवसादानें तीन आठवडे खाल्ले. पण त्या वेळीं दुसऱ्याच आठवड्यांत तो स्वतः डॉक्टरांकडे गेला होता. खिशांत वही असते. पांच रकाने, रोजच्या पांच वेळा. गेल्या खेपेस त्यानें ती मला दाखविली. निजण्याच्या रकान्यांत एका दिवशीं साडेबारा होते, आणि पुढें लाल शाईनें लिहिलें होतें, ‘मावसबहिणीची हळद’. मी चहाचें विचारलें तर नको म्हणाला. पांचनंतर तो चहा घेत नाहीं. मग आम्ही एका नव्या मागाच्या किंमतीविषयीं बोलत बसलों. त्याचा बेत चांगला होता. मीं कौतुक केलें नाहीं, एवढेंच विचारलें, “काल किती तास झोंप झाली?” तो हंसला, म्हणाला, “सात, गुरुजी,” आणि सव्वानऊला घड्याळाकडे पाहून उठला.